मदत हवी आहे: १ करिंथ ४:२० नुसतं शिकवायचं नाही, जगायचं कसं?

जय ख्रिस्त. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे घरगुती प्रार्थना असते, दहा-बारा जण. सध्या बायबलमधलं, पौलाने लिहिलेलं करिंथकरांस पहिले पत्र चालू आहे. देवाचं राज्य बोलण्यात नाही, सामर्थ्यात आहे, या वचनावर आम्ही तीन आठवडे बोलतोय. फक्त बोलतोय, हीच तर गंमत!

काहींच्या मते सामर्थ्य म्हणजे आरोग्यदान (प्रार्थनेने आजारी बरे होणं), अन्य भाषा (आत्म्याच्या प्रेरणेने न शिकलेल्या भाषेत बोलणं). काही म्हणतात, बदललेली वागणूक. मी १ ते ४ अध्याय सलग वाचून दाखवले: १:१८ मध्ये वधस्तंभाचा संदेश हेच देवाचं सामर्थ्य, ४:११-१३ मध्ये पौल उपाशी आहे, हातांनी कष्ट करतो, शिव्या देणाऱ्यांना आशीर्वाद देतो. तरी २:४ (माझं बोलणं आत्मा व सामर्थ्य यांची प्रचीती देणारं होतं, असं पौल म्हणतो) पुढे आलं की वाद परत तिथेच.

मग ठरवलं, आठवड्याला एक कृती करायची: आजाऱ्याला भेटणं, अबोला सोडणं. पुढच्या गुरुवारी त्याच्याच साक्षी रंगल्या, आणि ज्याला जमलं नाही तो खाली मान घालून बसला. मत्तय ६:३ (दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये) कुठल्या कुठे राहिलं.

वेळ तासाभराचा. दोन आज्यांना वाचता येत नाही, म्हणून वही किंवा छापील अभ्यास नको. कुणाचा पवित्र आत्म्याचा अनुभव खोडून काढायचा नाही. पाळकांशी बोललोय, ते म्हणाले प्रार्थना वाढवा. ती वाढवली आहे.

तुमच्या गटात असं काही महिनाभर तरी टिकलं असेल, तर नेमकं काय करत होता, आणि त्याची फुशारकी किंवा हजेरी होऊ नये म्हणून काय केलंत?