मदत हवी आहे: तीव्र लेझरमध्ये झेनॉनच्या ऊर्जापातळ्या सरकतात, तर इलेक्ट्रॉनांची शिखरे जागेवर का राहतात?

नमस्कार. भौतिकशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपवून काही काळ लोटला आहे आणि सध्या तीव्र लेझर व अणू यांच्यातील आंतरक्रियेचा अभ्यास मी स्वतःच करत आहे. एका ठिकाणी विचार अडला आहे. माझे गणित चुकते आहे की समजूत, हे कळत नसल्यामुळे सगळी मांडणी आकड्यांसह देत आहे.

अणूच्या ऊर्जापातळ्या ठरलेल्या असतात आणि प्रकाश केवळ एका पातळीवरून दुसरीवर नेतो, असे आपण पुंजयामिकीच्या पहिल्या धड्यात शिकतो. क्षीण प्रकाशासाठी ते पुरेसे आहे. मात्र दर चौरस सेंटिमीटरला ५ गुणिले १० चा १३वा घात वॅट इतक्या तीव्रतेला प्रकाशाचे विद्युतक्षेत्र सुमारे १९ अब्ज व्होल्ट प्रतिमीटर होते. हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनाला प्रोटॉनचे क्षेत्र ५१४ अब्ज व्होल्ट प्रतिमीटर जाणवते. म्हणजे हे क्षेत्र त्याच्या सव्विसाव्या हिश्श्याएवढे भरते आणि पातळ्यांना धक्का न लावता ते राहील, अशी अपेक्षाच करता येत नाही.

आता झेनॉन घेऊ. त्याची आयनीभवन ऊर्जा १२.१३ इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. ८०० नॅनोमीटरच्या फोटॉनची ऊर्जा १.५५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते, त्यामुळे कागदावर ८ फोटॉन पुरतात. परंतु या क्षेत्रात सुटा इलेक्ट्रॉन सतत हेलकावे खातो आणि त्या हेलकाव्यांची सरासरी ऊर्जा, म्हणजेच पाँडरोमोटिव्ह ऊर्जा, वरील तीव्रतेला सुमारे ३ इलेक्ट्रॉन व्होल्ट होते. अणूतून सुटायचे तर ही ऊर्जाही चुकती करावी लागते, म्हणून आयनीभवनाचा उंबरठा १५.१ च्या आसपास जातो आणि ८ ऐवजी १० फोटॉन लागतात. इथपर्यंत मला पटते.

या हिशेबाने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेच्या वर्णपटात पहिल्या शिखराची ऊर्जा (१० फोटॉनांची ऊर्जा वजा उंबरठा) ०.४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ यावी, आणि तीव्रता (१० चा १३वा घात वॅट या मापात) ५ वरून ४ वर आणली तर ते शिखर ०.६ ने सरकून १ च्या जवळ जावे. प्रत्यक्षात शंभर फेमटोसेकंदांच्या आसपासच्या स्पंदांनी, म्हणजे लेझरच्या क्षणिक झोतांनी, मिळालेल्या वर्णपटांत बारीक शिखरांचा एक पुंजका दिसतो. तीव्रता बदलली तरी त्यांची उंची तेवढी बदलते, जागा नाही. पातळ्या खरोखर सरकत असतील तर ही शिखरे एवढी हट्टी कशी?

प्रतिसाद १

तुमचे गणित बरोबर आहे. फक्त ते स्पंदाच्या माथ्यावरच्या एका क्षणाचे आहे. तीव्रता शून्यापासून माथ्यापर्यंत चढते आणि उतरते, त्यामुळे अणू मधल्या प्रत्येक तीव्रतेतून जातो. शिखरांचे कारण या प्रवासात दडलेले आहे.

मूलावस्थेतील, म्हणजे सर्वांत खालच्या पातळीतील, इलेक्ट्रॉन घट्ट बांधलेला असल्यामुळे तिची पातळी थोडीशीच, आणि तीही खाली, सरकते. केंद्रकापासून दूर फिरणारा रिडबर्ग पातळ्यांमधील (उंबरठ्याजवळच्या उंच पातळ्यांमधील) इलेक्ट्रॉन मात्र जवळपास सुट्या इलेक्ट्रॉनासारखाच हेलकावतो, म्हणून त्या पातळ्या आयनीभवनाच्या उंबरठ्यासोबत तेवढ्याच वर जातात. अशीच एक, झेनॉनची ४एफ पातळी, उंबरठ्याच्या ०.८५ इलेक्ट्रॉन व्होल्ट खाली आहे. मूलावस्थेचे किंचित सरकणे सोडून दिले, तर पाँडरोमोटिव्ह ऊर्जा १.१२ होते त्या क्षणी, म्हणजे तीव्रता सुमारे १.९ गुणिले १० चा १३वा घात असताना, ही पातळी ८ फोटॉनांशी नेमकी जुळते. त्या क्षणी तिथे इलेक्ट्रॉन मोठ्या संख्येने पोहोचतात आणि आणखी एक फोटॉन घेऊन बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा १.५५ वजा ०.८५, म्हणजे ०.७० इलेक्ट्रॉन व्होल्ट. या वजाबाकीत तीव्रता कुठेच येत नाही, कारण पातळी आणि उंबरठा बरोबरीने सरकले आहेत. माथ्यावरची तीव्रता वाढवली तर अनुनादाचा, म्हणजे पातळी फोटॉनांशी जुळण्याचा, क्षण चढणीवर थोडा आधी येतो, इतकेच. आर. आर. फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ही शिखरे दाखवली, म्हणून त्यांना फ्रीमन अनुनाद म्हणतात.

स्पंद लहान असणे यात महत्त्वाचे आहे. ०.७ इलेक्ट्रॉन व्होल्टचा इलेक्ट्रॉन १०० फेमटोसेकंदांत जेमतेम ५० नॅनोमीटर जातो, तर नाभीची, म्हणजे लेझर एकवटतो त्या जागेची, रुंदी कित्येक मायक्रोमीटर असते. तो बाहेर निघण्याआधीच प्रकाश मावळतो आणि हेलकाव्यांची ऊर्जा त्याला परत मिळत नाही. नॅनोसेकंदांच्या स्पंदात तो तीव्रतेच्या उतारावरून घरंगळत बाहेर येतो, उंबरठ्यावर भरलेली रक्कम पुरती वसूल करतो आणि पातळ्या सरकल्याचा मागमूस वर्णपटात उरत नाही. पियेर अगोस्तिनी आणि सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये झेनॉनमध्येच आयनीभवनाला लागतात त्याहून जादा फोटॉन शोषले जात असल्याचे दाखवले तेव्हा स्पंद लांब होते, म्हणून हा बारीक पुंजका तेव्हा दिसला नाही.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. ‘माथ्यावरचा क्षण’ हीच माझी चूक होती. आपल्या रीतीने पुढे हिशेब केला, तर हीच ४एफ पातळी ९ फोटॉनांशी सुमारे ४.५ गुणिले १० चा १३वा घात या तीव्रतेला पुन्हा जुळायला हवी. तशी ती जुळते का?

प्रतिसाद १

ऊर्जेच्या दृष्टीने जुळते, पण समता आड येते; समता म्हणजे केंद्रकाभोवती सर्व दिशा उलटवल्यावर अवस्थेचे चिन्ह तेच राहते (सम) की पालटते (विषम) हा गुण. प्रत्येक फोटॉन शोषताना अवस्थेची समता उलटते. झेनॉनची मूलावस्था आणि ४एफ अवस्था दोन्ही सम आहेत, त्यामुळे तिथे सम संख्येचे फोटॉनच नेऊ शकतात, आणि १० फोटॉनांसाठी लागणारी तीव्रता तुमच्या माथ्याच्या वर आहे. ९ फोटॉनांशी जुळणारी पातळी हवी असेल तर ५जी पाहा. तिची बंधनऊर्जा सुमारे ०.५४ आहे, म्हणून तिचे शिखर १.०१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या जवळ शोधावे. माथा ४ वर आणला की हा अनुनाद अगदी काठावर येतो, तेव्हा त्या शिखराची उंची झपाट्याने घटताना दिसायला हवी.