क्रोएशियाला नशिबाने मिळालं नाही

ड्रॉ (कोण कोणाशी खेळणार याची सोडत) सोपा मिळाला म्हणून क्रोएशिया २०१८ च्या फुटबॉल वर्ल्डकप फायनलला पोचला, असं काहीजण म्हणतात, ते अजिबात पटलं नाही. गटातच त्यांनी अर्जेंटिनाला ३-० असं लोळवलं होतं! पुढे डेन्मार्क, रशिया, इंग्लंड, तिन्ही सामने जादा वेळेत. पहिले दोन तर पेनल्टीपर्यंत. म्हणजे फायनलमधला प्रतिस्पर्धी फ्रान्सपेक्षा ९० मिनिटं, अख्खा एक सामना जास्त खेळून हे फायनलला उतरले. त्यांचा कर्णधार मॉड्रिच तेव्हा ३२ वर्षांचा होता, तरी मधल्या फळीत तोच सगळीकडे दिसायचा. शिवाय १९९८ ला पहिल्याच वर्ल्डकपमध्ये तिसरे (स्ट्रायकर शुकरचे ६ गोल!), २०२२ ला पुन्हा तिसरे. लोकसंख्या जेमतेम ४० लाख. २०२२ ला ब्राझीलविरुद्ध त्यांचा गोलकीपर लिवाकोविचने अडवलेले फटके एकदा परत बघाच.