विषय: घरच्या पाळणाघराचा रोजचा दर कसा ठरवावा?

प्रेषक: नवी सभासद

मंडळातल्या सर्वांना नमस्कार,

मुलगी आता पूर्ण वेळ शाळेत जायला लागली, म्हणून घरीच पाळणाघर सुरू करायचं ठरवलं आहे. परवाना हातात आला आहे आणि चार मुलांची मर्यादा मिळाली आहे. दोन घरांनी विचारलंय, दोन्ही मंडळातलीच. दोघांचाही पहिला प्रश्न एकच होता: "दिवसाचे किती घेणार?"

मी असं केलं. वर्षाला घरात किती यायला हवेत ती रक्कम धरली, तिला 260 ने भागलं (52 आठवडे, आठवड्याला 5 दिवस) आणि मग चारने. आकडा बराच लहान आला. लोकांना सांगायला सोपा जाईल म्हणून मला बरं वाटलं, पण नवरा म्हणतोय की कुठेतरी चुकतंय. शिवाय ज्यांच्याकडे आपण सणावाराला जातो, त्यांच्याकडून पैसे मागताना जीभ अडखळते. ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगावं. येत्या आठवड्यात मला दोघांना उत्तर द्यायचं आहे.

आपली,
नवी सभासद


प्रेषक: सोळा वर्षं पाळणाघर चालवलेली काकू

तुझा मेल वाचला आणि माझं पहिलं वर्ष आठवलं. मीही अगदी असंच भागलं होतं. तुझा नवरा बरोबर सांगतोय, चूक 260 मध्ये आहे आणि चारमध्येही आहे.

260 दिवस तू उघडी राहणार नाहीस. सरकारी सुट्ट्या गेल्या, समजा 10. तुला स्वतःला विश्रांती आणि गावी जायला 15 तरी लागतील. तू आजारी पडशील, नाहीतर घरात कोणी पडेल, त्याचे 5 धर. उरले 230. आता चारचं बघ. चारही जागा वर्षभर कधीच भरलेल्या नसतात. एक मूल शाळेत जातं, दुसऱ्या घराची बदली होते, नवीन बाळाची आई रजा वाढवते आणि ठरलेल्या तारखेपेक्षा सहा आठवडे उशिरा येते. माझ्या वहीत चांगल्या वर्षीसुद्धा जागा सरासरी 80 ते 85 टक्केच भरलेल्या दिसतात. 80 धरून चाल. म्हणजे 4 गुणिले 230, त्याचे 80 टक्के, सगळ्या मुलांचे मिळून पैसे मिळणारे 736 दिवस. तू 1040 दिवस धरले होतेस. त्या दराने वर्षअखेरीला ठरवलेल्या प्रत्येक शंभरातले जेमतेम 71 हातात आले असते. तूट भरून काढायची तर दर 41 टक्क्यांनी वाढवावा लागतो. हा आकडा एकदा कागदावर लिहून भिंतीला लाव. कोणी "थोडं कमी करा ना" म्हटलं की तो दिसला पाहिजे.

आणि "घरात किती यायला हवेत" ही रक्कम धरताना खर्च वेगळा काढलास का? पुसायचे कागद, साबण, हातमोजे, मुलांचं खाणं, खोली गरम किंवा थंड ठेवायचं वाढलेलं बिल, तुटणारी खेळणी, दर दोन-तीन वर्षांनी बदलावी लागणारी गादी, परवान्याचं नूतनीकरण, प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि जबाबदारीचा विमा. विमा सोडू नकोस. घराच्या साध्या विम्यात पैसे घेऊन मुलं सांभाळणं बहुतेक वेळा बसत नाही, म्हणून कंपनीकडून लेखी विचारून घे. आणखी एक गोष्ट: तुझी मुलगी शाळेतून घरी आली की तीही तुझ्या चारात मोजली जाते का, ते परवान्यात नीट वाच. बऱ्याच ठिकाणी स्वतःचं लहान मूल धरतात. तसं असेल तर दुपारनंतर तुझ्याकडे तीनच जागा आहेत आणि पूर्ण दिवसाच्या चौथ्या मुलाला तू हो म्हणूच शकत नाहीस.

आता वयाचं. सहा महिन्यांचं बाळ आणि तीन वर्षांचं मूल यांचा दर एक ठेवू नकोस. बाळ कडेवर असतं तेव्हा तुझा एकच हात मोकळा असतो. त्याची झोप वेगळी, त्यामुळे बाकीच्यांना बाहेर न्यायचं तर वेळ जुळत नाही. नियमांतही म्हणूनच एका व्यक्तीकडे तान्ही बाळं कमी ठेवू देतात. म्हणजे बाळाने कागदावर एक जागा घेतली, तरी प्रत्यक्षात दीड घेतलेली असते. मी बाळाचा दर मोठ्या मुलापेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त ठेवत असे. मूल चालायला लागलं आणि दुपारी एकदाच झोपायला लागलं की पुढच्या महिन्यापासून दर कमी. हे आईबापांना पहिल्याच भेटीत सांगायचं. दर आपोआप उतरणार आहे हे कळलं की सुरुवातीचा आकडा त्यांनाही झेपतो.

सगळ्यात महत्त्वाचं मात्र वेगळंच आहे. लोक "दिवसाचे किती" विचारतात, पण तू दिवस विकत नाहीस, जागा देतेस. सोमवार-बुधवार-शुक्रवार येणाऱ्या मुलाची जागा मंगळवारी रिकामीच असते, आणि ती भरायला नेमकं मंगळवार-गुरुवार हवं असलेलं दुसरं घर सापडावं लागतं. ते सापडलं तर उत्तम. नाही सापडलं तर ते दोन दिवस तुझ्या अंगावर पडतात. म्हणून तीन दिवसांचे पैसे पाच दिवसांच्या तीन पंचमांश, म्हणजे 60 टक्के, घेऊ नयेत. मी 68 ते 70 टक्के घेत असे. जोडीला दुसरं मूल मिळालं की तीन दिवसांच्या घराला 65 वर आणत असे, आणि त्यांना हे आधीच माहीत असायचं. मग तेच आपल्या ओळखीत विचारपूस करून जोडी जुळवून द्यायचे.

अर्धा दिवससुद्धा निम्म्या दरात देऊ नकोस. सकाळचं मूल जेवून-झोपून दुपारी दोनला गेलं तर उरलेल्या चार तासांसाठी दुसरं मूल येत नाही. तुझं कठीण काम, म्हणजे भरवणं, स्वच्छता आणि झोपवणं, सगळं त्या पहिल्या भागातच होऊन गेलेलं असतं. दोन तृतीयांश घे.

आणि ओळखीच्या घरांचं. यावर मी फार बोलेन, कारण माझं पहिलं वर्ष यातच गेलं. जवळच्या घरातलं सात महिन्यांचं बाळ मी निम्म्या दरात घेतलं. कोणी मागितलंही नव्हतं, मलाच लाज वाटली म्हणून मी सांगितला तो आकडा. नंतर पूर्ण दर द्यायला तयार असलेल्या दोन घरांना जागा नाही म्हणून परत पाठवावं लागलं. वर्षाच्या शेवटी मी त्या बाळाच्या आईवर मनातून चिडलेली होते, आणि तिला बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता. ती चूक पूर्णपणे माझी होती. त्यानंतर मी एकच दर ठेवला, सगळ्यांना छापील. कोणाची नोकरी गेली, कोणी घरात आजारी पडलं, तर तीन महिने सवलत दिली आहे, पण तारीख घालून आणि मूळ दर तसाच लिहून, म्हणजे तीन महिन्यांनी पुन्हा तो विषय काढावा लागत नाही. भावंडांना मी 10 टक्के सोडत असे, तेही मोठ्या मुलाच्या दरावर, कारण बाळाला लागणारी मेहनत भावंड आहे म्हणून कमी होत नाही.

जवळपासच्या तीन-चार पाळणाघरांना फोन करून दर विचार. पण त्यांचा दिवस किती तासांचा, खाणं धरून की सोडून, सुट्ट्यांचे पैसे घेतात की नाही, हेही विचार. नुसत्या आकड्याची तुलना केलीस तर फसशील.

काकू


प्रेषक: दीड वर्षाच्या मुलाचा बाबा

काकूंचा मेल जपून ठेवला आहे. मी पैसे देणाऱ्या बाजूने लिहितो.

दर जास्त असला तरी आम्ही देतो. त्रास होतो तो न सांगितलेल्या गोष्टींचा. आमच्या आधीच्या ठिकाणी मूल आजारी असलं तरी दिवसाचे पैसे लागायचे आणि ते मला पटतही होतं. पण मग काय व्हायचं, पैसे तर गेलेच आहेत म्हणून लोक तापातून उठलेल्या मुलाला दुसऱ्याच दिवशी पाठवायचे. मीही एकदा पाठवलं आहे आणि त्या आठवड्यात बाकीची तिन्ही मुलं आजारी पडली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. नव्या ताईंनी यावर आधीच काही नियम करावा. आणि पाळणाघर बंद असेल त्या दिवसांची यादी वर्षाच्या सुरुवातीला मिळाली, तर आम्हाला दोघांच्या रजा त्याप्रमाणे वाटून घेता येतात.


प्रेषक: काकू

हे अगदी खरं आहे. मी शेवटच्या काही वर्षांत यावर असं केलं: प्रत्येक मुलाला वर्षाला 5 आजारपणाचे दिवस मोफत. आदल्या संध्याकाळपर्यंत किंवा सकाळी सातच्या आत कळवायचं, एवढीच अट. 230 दिवसांत 5 म्हणजे सव्वादोन टक्के. तेवढा दर आधीच वाढवून ठेवला की कोणाचंच नुकसान नाही. मुलं घरी राहायला लागली आणि मी स्वतः कमी आजारी पडले. त्या पाच दिवसांनंतर मात्र जागेचे पैसे लागतात. मी आजारी पडले तर माझ्या बाजूने त्या दिवसाचे पैसे नाहीत, हे दोन्ही एकाच ओळीत लिहायचे.


प्रेषक: हिशोबाचं काम करणारा सभासद

दोन मुद्दे जोडतो.

पहिला, तासांचा. पहिलं मूल साडेसातला येतं आणि शेवटचं सहाला जातं असं धरलं तर साडेदहा तास. आधीची मांडामांड आणि नंतरची साफसफाई मिळून एक तास. म्हणजे दिवसाला साडेअकरा. 230 दिवसांचे 2645 तास. खरेदी, नोंदी, पालकांशी बोलणं याचे आठवड्याला 3 तास, 46 आठवड्यांचे 138. एकूण 2783. आठवड्याला 40 तासांची नोकरी करणारा तेवढ्याच आठवड्यांत 1840 तास भरतो. ताई, तुम्ही दीड नोकरी करणार आहात. वर्षाच्या जमेतून खर्च आणि कर वजा करा, उरलेल्याला 2783 ने भागा आणि तो आकडा तुमच्या देशातल्या किमान वेतनाशी ताडून पाहा. त्याच्या खाली जात असेल तर दर अजून चुकलेला आहे. पैसे पावती देऊनच घ्या. अनेक देशांत पालकांना मुलांच्या सांभाळाच्या खर्चावर करात सवलत मिळते आणि ती पावतीशिवाय मिळत नाही. रोख आणि बिनपावती घेतलेला कमी दर पालकांना पुष्कळदा महागच पडतो.

दुसरा, उशिरा नेण्याचा. दंड लावाल तर विचार करून लावा. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध केला. त्यांतल्या काही ठिकाणी, दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की छोटासा दंड सुरू केला होता. उशिरा येणारे पालक कमी होण्याऐवजी वाढले, साधारण दुप्पट झाले. आधी उशीर झाला की शिक्षिकेला खोळंबावं लागल्याचं ओशाळेपण वाटायचं. दंड आल्यावर तो जादा वेळ पैसे देऊन घेतल्यासारखा झाला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर पूर्वीइतका खाली आला नाही. माझं मत असं की आकारायचं तर पंधरा मिनिटांच्या टप्प्याने आणि नेहमीच्या तासाच्या दराच्या निदान दुप्पट आकारावं. नाहीतर अजिबात आकारू नये आणि समोर बसून बोलावं.


प्रेषक: काकू

मी बोलत असे. पहिल्यांदा काही नाही, रस्ता कोणाच्या हातात नसतो. दुसऱ्यांदा फोन. तिसऱ्यांदा दार बंद करून बसवायचं आणि सांगायचं की माझं स्वतःचं मूल या वेळी माझी वाट बघत असतं. सोळा वर्षांत दंड लावायची वेळ दोनदाच आली.


प्रेषक: नवी सभासद

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी रात्री आम्ही दोघं बसलो आणि पुन्हा सुरुवातीपासून मांडलं. खर्च वेगळा काढला. परवाना वाचला: मुलगी शाळेतून आल्यावर चारात मोजली जाते. म्हणजे पूर्ण दिवसाच्या तीन जागा आणि सकाळची एक. काकू, हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी पहिल्याच महिन्यात नियम मोडला असता.

एक जागा अशी कमी झाल्यामुळे दर मी आधी काढला होता त्याच्या दीडपटीहून थोडा वर गेला. आकडा पाहून पोटात गोळा आला. मग 2783 ने भागून बघितलं. किमान वेतनाच्या थोडा वर आहे, फार नाही. तेव्हा कमी करायची इच्छा उरली नाही.

कागद एकाच पानाचा केला: बाळाचा दर, चालत्या मुलाचा दर, तीन दिवसांचा, अर्ध्या दिवसाचा, आजारपणाचे 5 दिवस, बंद राहण्याच्या तारखा, दोन महिन्यांची नोटीस. उशिराबद्दल एक ओळ आहे, आकडा नाही. काल संध्याकाळी दोन्ही घरांना तो पाठवला. एका घराने रात्रीच होकार कळवला, पूर्ण पाच दिवस. दुसऱ्या ताईंनी सकाळी फोन केला. त्यांना पाच दिवस झेपणार नाहीत, तीन हवे आहेत. दर त्यांनी तसाच मान्य केला, आणि बोलताना मी एकदाही "तुम्हाला जमेल तेवढं द्या" म्हटलं नाही.

तेव्हा आता मंगळवार-गुरुवारची एक जागा मोकळी आहे, एका पूर्ण दिवसाच्या मुलाला जागा आहे आणि दुपारी दोनपर्यंतची सकाळची एक. मंडळात किंवा ओळखीत कोणाला हवी असेल तर इथेच उत्तर द्या, मी कागद पाठवते.

आपली,
नवी सभासद