जुन्या डीव्हीडी-व्हीसीडींसाठी अपस्केलिंग प्लेअर कोणता घ्यावा?

गोदाकाठ (प्रश्न)

नमस्कार. नाशिकला गंगापूर रोडवरील आमच्या घरात गेल्या महिन्यात एका खोलीचे छोटे होम थिएटर केले आहे. ५५ इंची फोर-के टीव्ही, एचडीएमआय असलेला ५.१ रिसीव्हर (सहा स्पीकरांना आवाज वाटून देणारे उपकरण) आणि पडद्यापासून साधारण १० फुटांवर बसण्याची जागा, अशी मांडणी आहे. नव्या चित्रपटांची काहीच अडचण नाही. अडचण आहे ती वडिलांच्या संग्रहाची. त्यांच्याकडे साडेतीनशेच्या आसपास तबकड्या आहेत. त्यांत निम्म्याहून अधिक मराठी नाटकांची चित्रीकरणे असून ती डीव्हीडी आणि व्हीसीडी अशा दोन्ही प्रकारांत आहेत, आणि उरलेल्यांत हिंदी चित्रपट व थोड्या इंग्रजी ब्लू-रे आहेत. यांतली कित्येक नाटके वडिलांनी कालिदास कलामंदिरात प्रत्यक्ष पाहिलेली आहेत आणि आता ती रंगमंचावर होत नाहीत, म्हणून हा संग्रह त्यांना नीट पाहता यावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

सध्याचा डीव्हीडी प्लेअर पिवळ्या, लाल आणि पांढऱ्या वायरींनी जोडलेला आहे. जुन्या टीव्हीवर जे चित्र बरे वाटत होते, ते नव्या टीव्हीवर पाहवत नाही. रंग कडांच्या बाहेर सांडल्यासारखे दिसतात, आणि पात्राने हात हलवला की हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा उमटतात. मी महात्मा गांधी रोडवर चौकशी केली. एका दुकानात ‘१०८० पी अपस्केलिंग’ (कमी बिंदूंचे चित्र हिशेबाने वाढवून मोठे करणे) असे खोक्यावर लिहिलेला साधा डीव्हीडी प्लेअर दाखवला, तर दुसऱ्या दुकानदाराने फोर-के ब्लू-रे प्लेअर मागवून देण्याची तयारी दाखवली, ज्याची किंमत पहिल्याच्या दहापटीहून अधिक आहे. डीव्हीडी ‘अगदी फोर-केसारखी’ दिसेल, असे दोघांनीही सांगितले. माझी तयारी २५ हजारांपर्यंत खर्च करण्याची आहे, परंतु नेमके काय तपासून निवड करावी, हे जाणकारांनी सांगावे.

इंदिरानगर_पडदा

गोदाकाठ यांस, डीव्हीडी फोर-केसारखी दिसेल ही अपेक्षा आधी मनातून काढून टाकावी. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या (भारतातील जुन्या टीव्ही प्रक्षेपणाच्या पद्धतीच्या) डीव्हीडीवर एका चित्रात ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० बिंदू असतात. फुल एचडीत ते २०,७३,६००, म्हणजे नेमके पाचपट होतात, आणि आपल्या टीव्हीवर ८२,९४,४००, म्हणजे वीसपट. याचा अर्थ पडद्यावरच्या दर २० बिंदूंपैकी १९ बिंदू शेजारच्या बिंदूंवरून हिशेब करून भरलेले असतात. हा हिशेब चांगला असेल तर कडा गुळगुळीत आणि चेहरे शांत दिसतात, वाईट असेल तर कडांना पांढरट किनार येते. मात्र तबकडीवर नसलेला तपशील कोणताही प्लेअर निर्माण करू शकत नाही. शिवाय हा हिशेब आपला टीव्ही आजही करतोच आहे, नाहीतर डीव्हीडीचे चित्र पडद्याच्या एका छोट्या चौकोनात दिसले असते.

मला अपस्केलिंगपेक्षा त्याच्या आधीची पायरी कितीतरी महत्त्वाची वाटते, आणि आपल्याला दिसणाऱ्या कंगव्याच्या रेघांचे मूळही तिथेच आहे. डीव्हीडीवर एक चित्र बहुधा दोन अर्धचित्रांत विभागलेले असते, एकात विषम ओळी आणि दुसऱ्यात सम ओळी. नाटकाचे चित्रीकरण व्हिडिओ कॅमेऱ्याने केलेले असल्यास सेकंदाला अशी ५० अर्धचित्रे टिपली जातात आणि त्यांतले प्रत्येक वेगळ्या क्षणाचे असते. विषम ओळी टिपल्यानंतर सम ओळी टिपेपर्यंत सेकंदाचा ५० वा भाग गेलेला असतो आणि तेवढ्यात नटाचा हात पुढे सरकलेला असतो. ही दोन अर्धचित्रे सरळ एकमेकांत विणली की हाताच्या कडेला दाते दिसतात. उत्तम डीइंटरलेसिंग, म्हणजे अर्धचित्रांतून पूर्ण चित्र तयार करण्याचे काम, करणारे उपकरण चित्राचा प्रत्येक भाग स्वतंत्रपणे पाहते: स्थिर नेपथ्य असेल तिथे दोन्ही अर्धचित्रे जोडून पूर्ण तपशील ठेवते, आणि हलत्या हाताच्या ठिकाणी एकाच अर्धचित्रावरून मधल्या ओळी रचते.

चित्रपटांचे गणित वेगळे आहे. फिल्मवरून केलेल्या पाल डीव्हीडीत दोन्ही अर्धचित्रे एकाच चौकटीची असतात, म्हणून तिथे ती सरळ विणणे हेच योग्य ठरते. प्लेअरने त्यांना व्हिडिओ समजून हाताळले तर विनाकारण निम्म्या ओळी वाया जातात. हिंदी चित्रपटांच्या पुष्कळ डीव्हीडी परदेशी बाजार डोळ्यांसमोर ठेवून एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्हीच्या, पद्धतीने काढल्या गेल्या. त्यांत ४८० ओळी असतात आणि सेकंदाला २४ चौकटी आळीपाळीने तीनदा आणि दोनदा वापरून ६० अर्धचित्रांत पसरवलेल्या असतात. हा ताल ओळखून मूळ चौकटी पुन्हा जुळवणे, ही प्लेअरची खरी परीक्षा आहे. स्वस्त प्लेअर तबकडीवर नोंदवलेल्या खुणेवर विश्वास ठेवतात, आणि ती खूण अनेकदा चुकीची असते. चांगला प्लेअर अर्धचित्रांची स्वतः तुलना करून ठरवतो. वडिलांच्या संग्रहात हे सगळे प्रकार एकत्र आहेत, आणि त्यांत नाटकांचे काम सर्वांत कठीण आहे.

आता बसण्याच्या अंतराविषयी. ५५ इंची पडद्याची उंची सुमारे ६८.५ सेंटिमीटर असते, म्हणून डीव्हीडीची एक ओळ तिथे जवळपास १.२ मिलिमीटर जाडीची होते. निरोगी डोळा १० फुटांवरून साधारण ०.९ मिलिमीटरपर्यंतचा तपशील वेगळा ओळखतो. म्हणजे डीव्हीडीची ओळ नजरेच्या टप्प्यात येते, पण फुल एचडीचा ०.६३ मिलिमीटरचा बिंदू येत नाही. त्या खुर्चीत बसून १०८० पी आणि फोर-के अपस्केलिंग यांतला फरक दिसण्याची शक्यता फार कमी आहे, आणि केवळ डीव्हीडींसाठी त्या फरकाचे पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढे १२० इंची पडदा आणि प्रोजेक्टर घेणार असाल, तर मात्र हा हिशेब बदलेल.

खरेदीपूर्वी एक प्रयोग अवश्य करावा. पिवळ्या वायरीत उजेड आणि रंग एकाच संकेतात मिसळून जातात, रंग सांडण्याचे मुख्य कारण तेच आहे. कोणाकडून तरी एचडीएमआय असलेला साधा प्लेअर आणून, एकाच नाटकाचा एकच प्रवेश प्लेअरच्या मेनूतून आधी ५७६ आय, मग ५७६ पी आणि शेवटी १०८० पी असा लावून पाहावा (आकडा ओळींचा, ‘आय’ म्हणजे अर्धचित्रांत आणि ‘पी’ म्हणजे पूर्ण चित्रांत). पहिल्या वेळी डीइंटरलेसिंग आणि अपस्केलिंग ही दोन्ही कामे टीव्ही किंवा रिसीव्हर करील, दुसऱ्या वेळी प्लेअर फक्त डीइंटरलेसिंग करील आणि तिसऱ्या वेळी डीइंटरलेसिंग आणि फुल एचडीपर्यंतचे अपस्केलिंग ही दोन्ही कामे प्लेअरकडे जातील. टीव्हीचा शार्पनेस आणि नॉइज रिडक्शन आधी अगदी कमी करून घ्यावे.

सातपूर_दुरुस्ती

वरील विवेचनाशी मी सहमत आहे, पण प्लेअर निवडताना फक्त चित्राकडे पाहणे मला पुरेसे वाटत नाही. इतकी वर्षे प्लेअर दुरुस्त करताना बहुतेक वेळा लेझर पिकअप (तबकडी वाचणारा भाग) थकल्याचेच मी पाहिले आहे, आणि तो भाग मिळाला नाही तर कितीही उत्तम प्लेअर निकामी होतो. त्यामुळे ज्याचा पिकअप नाशिक किंवा मुंबईच्या बाजारात मिळू शकेल, अशा प्लेअरला मी प्राधान्य देतो.

बाहेरून आयात केलेला वापरलेला प्लेअर घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. मी स्वतः एकदा असा प्लेअर घेतला होता. विक्रेत्याने तो आपल्याकडे चालेल असे सांगितले होते, परंतु तो फक्त १२० व्होल्टचा निघाला आणि पहिल्याच दिवशी त्याचा वीजपुरवठा जळाला. मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असल्याशिवाय पैसे देऊ नयेत. दुसरी गोष्ट विभागाची, म्हणजे तबकडी जगाच्या ज्या भागासाठी काढली त्याच भागाच्या प्लेअरवर चालण्याच्या बंधनाची. डीव्हीडीसाठी भारत ५ व्या विभागात आणि ब्लू-रेसाठी सी विभागात येतो. फोर-के ब्लू-रे तबकड्यांना विभागाचे बंधन नाही, पण त्याच प्लेअरमध्ये डीव्हीडी लावताना ते बंधन कायम राहते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

तबकड्या मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसाव्यात, गोल फिरवून पुसू नयेत.

गोदाकाठ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शेजाऱ्यांकडून एचडीएमआय असलेला प्लेअर आणून काल रात्री सांगितल्याप्रमाणे प्रयोग केला. रंग सांडणे पूर्णपणे थांबले. ५७६ आय हा पर्याय त्या प्लेअरमध्ये नव्हता. ५७६ पी आणि १०८० पी या दोन्हींत नाटकातले दाते कमी झाले, पण गेले नाहीत, आणि १०८० पीवर चेहऱ्यांभोवती पांढरट किनार आली. एका हिंदी चित्रपटात कॅमेरा सावकाश बाजूला फिरतो तिथे चित्र अडखळते, आणि दुसऱ्या एका चित्रपटात हलणाऱ्या माणसामागे त्याची पुसट छाया दिसते. व्हीसीडींत मात्र काहीच फरक जाणवला नाही. यांतले कोणते दोष नव्या प्लेअरने जातील?

पंचवटी_ध्वनिचित्र

यांतले दाते आणि अडखळणे हे प्लेअरचे दोष आहेत आणि ते चांगल्या प्लेअरने जातील. पुसट छाया जाणार नाही. पालवरून एनटीएससी करताना दोन शेजारची अर्धचित्रे एकमेकांत मिसळली गेली की ती छाया तबकडीवरच छापली जाते. त्याचप्रमाणे जुन्या काही डीव्हीडींत रुंद चित्र चौकोनी चौकटीत वर-खाली काळे पट्टे सोडून बसवलेले असते. त्यात १६:९ चित्रपटाच्या वाट्याला ५७६ पैकी ४३२ च ओळी येतात आणि त्याहूनही रुंद सिनेमास्कोपच्या वाट्याला ३२५ च्या जवळपास. अशा तबकड्यांसाठी प्लेअरमध्ये किंवा टीव्हीत पट्टे कापून चित्र मोठे करणारी झूमची सोय असणे फार उपयोगी पडते, आणि ती खरेदीच्या वेळीच तपासावी.

व्हीसीडीचे दुःख मी समजू शकतो, कारण माझ्याकडेही अशी नाटके आहेत. पाल व्हीसीडीवर फक्त ३५२ गुणिले २८८ बिंदू असतात. त्यावर उतरवताना प्रत्येक चित्राचे एक अर्धचित्र टाकूनच दिलेले असते, म्हणून दाते दिसत नाहीत, पण तपशील आणि हालचालीतला ओघ दोन्ही कायमचे गेलेले असतात. त्याहून काळजीची गोष्ट अशी की नवे ब्लू-रे प्लेअर व्हीसीडी वाचतीलच असे नाही. माहितीपुस्तिकेतील तबकड्यांच्या यादीत व्हीसीडी हा शब्द स्वतः वाचल्याशिवाय खरेदी करू नये, आणि एचडीएमआय असलेला एक साधा डीव्हीडी प्लेअर त्यासाठी जपून ठेवावा. एखादे नाटक दोन्ही प्रकारांत निघालेले असेल, तर वडिलांसाठी त्याची डीव्हीडी शोधणे हा कोणत्याही प्लेअरपेक्षा मोठा फायदा आहे.

बाजाराविषयी सांगायचे तर निवडीला आता फारसा वाव उरलेला नाही. डीव्हीडीच्या चित्रासाठी नावाजलेल्या ओप्पोने २०१८ मध्ये नवे प्लेअर काढणे थांबवले आणि एलजीने २०२४ मध्ये ब्लू-रे प्लेअरचे उत्पादन बंद केले. सोनीचा यूबीपी-एक्स ७०० आणि पॅनासॉनिकचा डीपी-यूबी ८२० हे दोन प्लेअर मी मित्रांकडे पाहिले आहेत. व्हिडिओवर चित्रित केलेल्या कार्यक्रमांत पॅनासॉनिकचे चित्र मला अधिक स्थिर वाटले, तर सोनीने चित्रपट समाधानकारक दाखवले. मात्र सोनीत डॉल्बी व्हिजन (फोर-के तबकड्यांवरील उजेड-रंग अधिक खुलवणारे तंत्र) प्रत्येक वेळी मेनूतून हाताने चालू-बंद करावे लागते. आपल्याकडच्या थोड्या ब्लू-रेंचा आवाजही विसरू नये. त्यांवरील डीटीएस-एचडी मास्टर ऑडिओसारखा पूर्ण दर्जाचा बहुवाहिनी आवाज ऑप्टिकल वायरीतून जात नाही, म्हणून प्लेअर एचडीएमआयने रिसीव्हरला आणि रिसीव्हर टीव्हीला, असाच क्रम ठेवावा.

इंदिरानगर_पडदा

५७६ आयची चाचणी राहून गेली, आणि माझ्या मते निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे. माझ्याकडच्या ब्लू-रे प्लेअरमध्ये तबकडीवरचा संकेत न बदलता पुढे पाठवण्याची सोय आहे. रविवारी सकाळी मी तो आपल्याकडे घेऊन येऊ शकतो. आपल्या टीव्हीने किंवा रिसीव्हरने दाते पूर्ण काढले, तर अपस्केलिंगसाठी महाग प्लेअर घेण्याची गरजच उरणार नाही. तबकडीवरचा संकेत जसाच्या तसा देणारा आणि ब्लू-रे वाचणारा कोणताही भरवशाचा प्लेअर पुरेल.

गोदाकाठ

रविवारी सकाळी अवश्य यावे. वडील नाटकातला एक प्रवेश, अडखळणारा तो हिंदी चित्रपट आणि एक व्हीसीडी काढून ठेवणार आहेत. तोपर्यंत दोन्ही दुकानदारांना थांबायला सांगितले आहे.