मदत हवी आहे: विद्यापीठातलं मोफत समुपदेशन कर्मचाऱ्याने घ्यावं का? बोललेलं कुठवर जातं?

टिपकागद

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी एका विद्यापीठात विभागाच्या कार्यालयात काम करते. शिकवत नाही. अर्ज, सह्या, परीक्षेचे फॉर्म, फेलोशिपची कागदपत्रं, सगळं माझ्या टेबलावरून पुढे जातं. गेल्या सत्रापासून आमच्याकडे विद्यार्थी आणि कर्मचारी दोघांसाठी मोफत मानसिक आरोग्य सेवा सुरू झाली आहे. फलक लागले, ईमेल आल्या, उद्घाटनाचे फोटोही निघाले. पण कार्यालयातलं कुणी तिथे गेल्याचं अजून ऐकलं नाही. गेलं असेल तरी सांगितलं नसेल म्हणा.

पहिला प्रश्न माझा स्वतःचा. बरेच महिने झोप नीट नाही. पहाटे जाग येते ती कामाची यादी डोक्यात घेऊनच. सकाळी कार्यालयाच्या जिन्यावर धडधडायला लागतं, आणि सगळी चिडचिड घरच्यांवर निघते. केंद्रात जावं असं मनात येतं. पण अपॉइंटमेंट विद्यापीठाच्या ईमेलवरून घ्यायची, केंद्र आस्थापना विभागाच्या शेजारी, आणि तिथल्या समन्वयक बाई आमच्या विभागप्रमुखांबरोबर समितीवर. त्यात माझ्या पदोन्नतीची फाईल सध्या वर गेलेली आहे. मी तिथे जे बोलेन ते कुठवर जाईल? माझ्या सर्व्हिस फाईलमध्ये नोंद होईल का? आणि मोफत आहे म्हणजे पैसे कुणीतरी भरतंच आहे. जो भरतो त्याला काय काय कळतं?

दुसरा प्रश्न एका विद्यार्थिनीचा. फॉर्मवर शिक्का घ्यायला येते आणि काम झालं तरी रेंगाळते. हल्ली वर्गात जात नाही असं दिसतंय. परवा म्हणाली, "मॅडम, हे सगळं एकदाचं संपायला हवं. तुम्ही कुणाला सांगू नका हं." त्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. मी तिची शिक्षिका नाही, नातेवाईक नाही. यात मी पडावं का, आणि पडले तर किती?

शेवटचा_बाक

फुकटच्या योजनांबद्दल माझं मत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी लिहितो. अहवालात एक ओळ वाढावी म्हणून केंद्र उघडतात. हजारो विद्यार्थ्यांमागे एक-दोन समुपदेशक, त्यांचीही नेमणूक कंत्राटी. तुम्ही विश्वास टाकायला लागाल तेव्हा समोरचा माणूस बदललेला असेल. बाहेर जाणं परवडत असेल तर बाहेर जा.

अर्धविराम

मी दुसऱ्या एका विद्यापीठाच्या केंद्रात समुपदेशक आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो थांबू शकत नाही.

टिपकागद ताई, ती मुलगी पुन्हा यायची वाट पाहू नका. आज-उद्या तिला गाठा, बाजूला बसवा आणि सरळ विचारा: "संपायला हवं म्हणालीस, म्हणजे जीव द्यायचे विचार येतात का?" असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती जवळजवळ सगळ्यांनाच असते. त्यावर बराच अभ्यास झालाय आणि ती भीती खरी नाही असंच त्यातून दिसलंय. उलट कुणीतरी विचारलं म्हणून सुटल्यासारखं वाटल्याचं अनेक जण नंतर सांगतात. ती हो म्हणाली तर पुढे विचारा: कसं, कधी, असं काही ठरवलं आहे का? ठरवलं असेल तर तिला एकटं सोडू नका. त्या क्षणी केंद्र उघडं असेल तर तिला घेऊन केंद्रात जा, नसेल तर आपत्कालीन सेवेला फोन करा किंवा थेट रुग्णालयात न्या. ठरवलं नसेल तरी नुसता नंबर हातात देऊन मोकळ्या होऊ नका. तुमच्याच फोनवरून, तिच्यासमोर, वेळ घ्या आणि जमलं तर दारापर्यंत सोबत जा. मन थकलेल्या माणसाला "तू जाऊन ये" हे तीन शब्दही डोंगराएवढे वाटतात.

आणि "कुणाला सांगू नका" याला हो म्हणायचं नाही. नाहीही म्हणायचं नाही. असं म्हणा: "उगाच कुणाला सांगणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मदत करू शकेल अशा एका माणसाला सांगेन, आणि सांगण्याआधी तुला सांगेन." तुम्ही शिक्षिका नाही हे इथे तुमच्या फायद्याचंच आहे, कारण तिचे गुण तुमच्या हातात नाहीत. मुलं लिपिक, ग्रंथपाल, हॉस्टेलचे सुरक्षारक्षक यांच्याशी बोलतात ती याचमुळे. केंद्रांची माहितीपत्रकं मात्र जातात प्राध्यापकांकडे.

आता गोपनीयता. समुपदेशनाच्या नोंदी विद्यार्थ्याच्या शैक्षणिक फाईलपासून आणि कर्मचाऱ्याच्या सर्व्हिस फाईलपासून वेगळ्या ठेवणं हा या व्यवसायाचा पायाभूत नियम आहे. तुमच्या लेखी संमतीशिवाय विभागप्रमुखांना, गाईडला, आईवडिलांना काही सांगायचं नसतं. तुम्ही येता की नाही, हेसुद्धा नाही. अपवाद आहेत, आणि ते आम्ही पहिल्याच भेटीत सांगायला हवेत: तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला गंभीर धोका असेल, लहान मुलावर अत्याचार होत असल्याचं कळलं, किंवा न्यायालयाने आदेश दिला.

यातल्या "दुसऱ्याच्या जिवाला धोका" या अपवादाचं मूळ एका विद्यापीठाच्याच आरोग्य सेवेत आहे. १९६९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली परिसरात एका रुग्णाने तिथल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं की मी एका मुलीला मारणार. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळवलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं. तिला किंवा तिच्या घरच्यांना कुणीच सावध केलं नाही आणि तिचा खून झाला. तो तारासॉफ खटला. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की अशा वेळी धोका असलेल्या व्यक्तीचं रक्षण करण्यासाठी पावलं उचलणं हे उपचार करणाऱ्याचं कर्तव्य आहे. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, पण हा निकाल जगभर शिकवला जातो. हे लांबण लावलं ते एवढ्यासाठी की अपवाद जिवाच्या धोक्यासाठी आहेत. तुमची झोप, चिडचिड, साहेबांबद्दलचा राग, नोकरी सोडावीशी वाटणं, यातलं काहीच त्यात बसत नाही.

पैशांचं: साधारण दोन पद्धती. एकीत विद्यापीठ स्वतःच्या निधीतून किंवा विद्यार्थ्यांच्या फीमधून समुपदेशक नेमतं. दुसरीत बाहेरच्या संस्थेशी करार करतं. कर्मचाऱ्यांसाठी बहुधा दुसरी पद्धत असते, तिला कर्मचारी सहाय्य योजना म्हणतात. पैसे भरणाऱ्याला फक्त एकत्रित आकडे मिळायला हवेत: या तिमाहीत किती जण आले, ढोबळ कारणं कोणती. नावं नाहीत. पण "मिळायला हवेत" आणि "मिळतात" यात फरक पडू शकतो, म्हणून तोंडी आश्वासनावर राहू नका. संमतीपत्र मागा आणि सही करण्याआधी वाचा. नोंदी कुठे ठेवता, कोण उघडू शकतं, किती काळ ठेवता, समन्वयकांना माझं नाव दिसतं का, हे बिनधास्त विचारा. विचारल्यावर समोरचा चिडला किंवा गुळमुळीत बोलला तर तुम्हाला तिथेच उत्तर मिळालं. आमच्यातले बरेच जण या प्रश्नांवर खूश होतात.

आस्थापना विभागाच्या शेजारी केंद्र ठेवण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला माझा कोपरापासून नमस्कार. फोनवर किंवा व्हिडिओवर सेशन मिळतं का विचारा. पहिली चौकशी खासगी ईमेलवरून करा, कार्यालयाच्या संगणकावरून नको.

सावकाश

शेवटचा_बाक, तुमचं सगळं खोटं नाही, पण "बाहेर जा" म्हणणं सोपं आहे. माझी पीएचडी चालू आहे, बाहेरचं मला परवडत नव्हतं. केंद्रात गेलो म्हणून आज इथे लिहितोय.

जे कुणी सांगत नाही ते सांगतो. आमच्याकडे वेटिंग लिस्ट मोठी होती. पहिली भेट म्हणजे उपचार नव्हे. त्यात माहिती घेतात आणि एक-दोन प्रश्नावल्या भरून घेतात. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ नावाची असते: नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २७. चिंतेसाठी जीएडी-७ असते. गुण जास्त आले म्हणजे आजार ठरला असं नाही, पुढे नीट तपासायला हवं एवढाच अर्थ. पीएचक्यूचा नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे खरं लिहिलं की लगेच ॲडमिट करतील, असं हॉस्टेलमध्ये सगळे म्हणायचे. मी खरं लिहिलं. मॅडमनी त्यावर शांतपणे विचारलं, सोबत बसून एक कागद तयार केला: विचार वाढू लागले की आधी काय करायचं, मग कुणाला फोन, मग कुठे जायचं. तो अजून पाकिटात आहे.

पहिल्या समुपदेशकाशी माझं जमलं नाही. दुसरे मिळतील का विचारलं, मिळाले. हे विचारता येतं हेच अनेकांना माहीत नसतं.

रात्रीचं काय, हा प्रश्न मात्र राहतोच. केंद्र पाचला बंद, आणि माझे विचार दोनला सुरू. ब्रिटनमध्ये विद्यार्थीच रात्रभर फोन घेतात अशी नाईटलाईन नावाची सेवा आहे, एसेक्स विद्यापीठात १९७० मध्ये सुरू झाली. सल्ला देत नाहीत, फक्त ऐकतात. आपापल्या विद्यापीठात असं काही आहे का ते बघा. नसेल तर देशाच्या हेल्पलाइनचा नंबर दिवसाच सेव्ह करून ठेवा, रात्री शोधायचं बळ नसतं.

खडूफळा

मी शिकवतो. थोडा वेगळा सूर लावतो.

टिपकागद, तुमच्या टेबलावर किती माणसांचं काम आहे? जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही. कामाच्या ठिकाणी सतत राहिलेला आणि नीट न हाताळलेला ताण, त्यातून आलेली स्थिती, अशी ती व्याख्या आहे. तेव्हा तीन रिकाम्या जागांचं काम एका बाईकडून करून घ्यायचं आणि ती थकली की "श्वासावर लक्ष द्या" अशी कार्यशाळा ठेवायची, याला माझा विरोध आहे. समुपदेशन घ्या जरूर, पण कामाच्या वाटणीचं पत्रही लिहा. दोन्ही वेगवेगळ्या टेबलांवर जाऊ द्या.

झोपेबद्दल: केंद्रात "निद्रानाशासाठी सीबीटी" (झोपेबद्दलचे विचार आणि सवयी बदलण्यावर भर देणारा, बोलण्यातून होणारा उपचार) मिळते का, असं नाव घेऊन विचारा. जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हाच उपचार करावा अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये केली आहे. ठरावीक सत्रांत होणारा उपचार आहे, त्यामुळे मोफत केंद्रांच्या मर्यादित सेशनमध्येही बसू शकतो. आणि एकदा साध्या डॉक्टरकडे जाऊन थायरॉइड वगैरे तपासून घ्या, धडधड त्यानेही होते.

अर्धविराम

खडूफळा सरांना अनुमोदन. एक भर: बहुतेक मोफत सेवा अल्पकालीन असतात, सेशनची संख्या ठरलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारा की संपल्यावर पुढे कुठे पाठवता. औषध लागलं तर ते मानसोपचारतज्ज्ञ देतात, आम्ही समुपदेशक देत नाही. आणि केंद्रात मानसशास्त्र विभागातले शिक्षकच समुपदेशन करत असतील, तर स्वतःच्या विद्यार्थ्याला किंवा रोजच्या सहकाऱ्याला त्यांनी घेऊ नये. तुम्हाला ओळखीचा चेहरा दिसला तर दुसरी व्यक्ती मागायचा पूर्ण हक्क आहे.

कोरा_कागद

कंत्राटी लोकांना चालतं का हे? आमच्या पत्रकात नुसतं "कर्मचारी" लिहिलंय.

अर्धविराम

करारावर अवलंबून. काही ठिकाणी कंत्राटी आणि घरचे लोकही धरलेले असतात, काही ठिकाणी नाही. नाव न सांगता फोन करून विचारा. संकटाच्या वेळी मात्र कुठल्याही केंद्राने ओळखपत्र बघत बसू नये.

टिपकागद

सगळ्यांचे आभार. आज तिला बोलावून घेतलं आणि सरळ विचारलं. विचारताना माझाच आवाज कापत होता. ती बराच वेळ रडली. विचार येतात म्हणाली, ठरवलेलं काही नाही. माझ्याच फोनवरून वेळ घेतली, केंद्राने आजचीच दिली. दारापर्यंत गेले, आत ती एकटी गेली. बाहेर आल्यावर पुढच्या आठवड्याची वेळ मिळाल्याचं तिनेच सांगितलं.

माझ्यासाठी खासगी ईमेलवरून चार प्रश्न पाठवलेत: नोंदी, नाव कुणाला दिसतं, फोनवर सेशन, निद्रानाशाची सीबीटी. उत्तर आलं की इथे टाकते.

एक शंका. ती आत काय बोलली, पुढच्या वेळी जाते की नाही, हे मी विचारत राहायचं का? केंद्राला फोन करून विचारलं तर सांगतील?

अर्धविराम

सांगणार नाहीत, आणि सांगितलं तर त्या केंद्राची तक्रार करा. तुम्ही मात्र त्यांना हवं ते कळवू शकता. ती आठवडाभर दिसली नाही, पुन्हा तसंच काही बोलली, तर फोन करा. ते ऐकून घेतील, उलट काही सांगणार नाहीत. आत काय झालं ते तिला विचारू नका. "कशी आहेस" एवढं विचारा आणि उत्तर ऐकायला थांबा. भेटीच्या दिवशी "सोबत येऊ का" विचारलंत तर चालेल.

तुमच्या ईमेलला उत्तर यायला वेळ लागला तर दोन दिवसांनी फोन करा. पदोन्नतीचं होईपर्यंत थांबू असं म्हणू नका, वेटिंग लिस्टमध्ये नाव तरी घालून ठेवा.