एका कागदावर चार पाने: पीडीएफची मांडणी कमांड लाइनवरून कशी करावी?

अभ्यासिका_राजारामपुरी

नमस्कार. कोल्हापुरात राजारामपुरीत आम्ही स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी एक छोटी अभ्यासिका चालवतो. टिपणांच्या पीडीएफ फायली सतत येत असतात आणि मुलांना त्या कागदावरच हव्या असतात, कारण पेन्सिलीने खुणा केल्याशिवाय त्यांचा अभ्यास पुढे सरकत नाही. प्रत्येक पान वेगळ्या कागदावर काढले तर झेरॉक्सचा खर्च झेपत नाही. म्हणून ए-फोर कागदाच्या एका बाजूवर चार पाने आणि पाठपोट धरून एका कागदावर आठ, असा बेत आहे; म्हणजे ३२० पानांचे टिपण ४० कागदांत बसेल.

सध्या ही मांडणी झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर, प्रिंट देताना उघडणाऱ्या खिडकीतून केली जाते. एका ठिकाणी पाने डावीकडून उजवीकडे लागतात, दुसऱ्या ठिकाणी वरून खाली. कुठे पानाभोवती चौकट येते, कुठे येत नाही. आणि पाठीमागची बाजू उलटी छापली गेली तर सगळा गठ्ठा रद्दीत जातो. त्यामुळे मांडणी आमच्याच उबुंटू (लिनक्स) संगणकावर पक्की करून, दुकानात फक्त छापण्यासाठी तयार फाइल द्यावी, असे वाटते. पाने आधी डाव्या स्तंभात वरून खाली आणि मग उजव्या स्तंभात वाचता यावीत, स्पायरल बाइंडिंगसाठी आतल्या बाजूला जागा सुटावी आणि देवनागरी अक्षर डोळ्यांना त्रास न देता वाचता यावे, एवढी अपेक्षा आहे. मूळ मजकूर १४ पॉइंटचा असून चारही बाजूंना साधारण इंचभर समास आहे. कोणती कमांड वापरावी आणि तिचे कोणते पर्याय द्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

टर्मिनल_कळंबा

आपल्या कामासाठी पीडीएफजॅम हे साधन सर्वांत सोयीचे आहे. ती स्वतः एक शेल स्क्रिप्ट, म्हणजे टर्मिनलमध्ये चालणारी कमांडची तयार फाइल आहे. पानांची मांडणी प्रत्यक्षात लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीचे पीडीएफपेजेस हे पॅकेज करते. उबुंटूवर टेकलाइव्ह-एक्स्ट्रा-युटिल्स हे पॅकेज बसवले की ती मिळते. डाउनलोड मोठे आहे, तेवढी तयारी ठेवावी. खाली कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत; टर्मिनलमध्ये पर्यायांची नावे रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि आकडे इंग्रजी अंकांत टाइप करावेत.

पीडीएफजॅम --एनअप २एक्स२ --कॉलम ट्रू --पेपर ए४पेपर --आउटफाइल चारपाने.पीडीएफ टिपण.पीडीएफ

एनअपमध्ये पहिला आकडा स्तंभांचा आणि दुसरा ओळींचा असतो. २एक्स२ लिहिताना याने काही बिघडत नाही, पण उद्या एका बाजूवर आठ पाने घ्यायची झाली तर २एक्स४ आणि ४एक्स२ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कॉलम ट्रू दिले नाही तर पाने आडव्या ओळीने लागतात. आपल्याला वरून खाली हवी आहेत, म्हणून हा पर्याय आवश्यक आहे. चौकट हवी असल्यास --फ्रेम ट्रू, आणि पानांमध्ये फट हवी असल्यास --डेल्टा '४एमएम ४एमएम' असे जोडावे. डेल्टातील पहिले माप आडव्या फटीचे आणि दुसरे उभ्या फटीचे असते.

आता वाचनीयतेविषयी, कारण खरी अडचण तिथेच आहे. ए-फोरच्या लांबी-रुंदीचे प्रमाण असे आहे की एका बाजूवर दोन पाने बसवली तर अक्षर मूळच्या सुमारे ७१ टक्के होते आणि चार बसवली तर निम्मे. म्हणजे आपले १४ पॉइंटचे अक्षर ७ पॉइंटवर येईल, आणि देवनागरीत वेलांट्या, रफार व जोडाक्षरे या आकाराला एकमेकांत मिसळू लागतात. यावर उपाय असा की पाने लहान करण्याआधीच त्यांचा कोरा समास कापून टाकावा:

--ट्रिम '२०एमएम २०एमएम २०एमएम २०एमएम' --क्लिप ट्रू

मापांचा क्रम डावी, खालची, उजवी, वरची बाजू असा आहे. २१० गुणिले २९७ मिलिमीटरच्या पानाचा १७० गुणिले २५७ एवढाच भाग उरला की तो चौथाई कागदात बसताना सुमारे ५८ टक्के राहतो आणि अक्षर ८ पॉइंटच्या किंचित वर जाते. कागदोपत्री हा फरक एका पॉइंटचा दिसतो, पण दोन नमुने शेजारी ठेवून पाहिले की तो लगेच जाणवतो. कोरा समास आक्रसून छापण्यात कागद वाया घालवण्यापलीकडे काहीही साधत नाही.

बाइंडिंगसाठी --ऑफसेट '५एमएम ०एमएम' आणि सोबत --टूसाइड द्यावे. टूसाइड असताना ऑफसेटचे धन माप मजकूर बाहेरच्या कडेकडे सरकवते, त्यामुळे पुढच्या बाजूला डावीकडे आणि मागच्या बाजूला उजवीकडे आपोआप जागा सुटते. मजकूर कागदाच्या कडेला भिडू नये म्हणून --स्केल ०.९५ ठेवावे, कारण बहुतेक यंत्रांना कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापता येत नाही. एवढे करूनही अक्षर पावणेआठ पॉइंटच्या आसपास राहते.

छापखाना_शिवाजीपेठ

वरील उत्तर योग्य आहे. पण खालच्या बाजूचा २० मिलिमीटर समास सरसकट कापू नये. बहुतेक टिपणांत पृष्ठांक खालच्या समासातच असतो आणि तो कापला गेला की सुटे कागद विस्कटल्यावर क्रम लावताना नाकीनऊ येतात. खालून १२ मिलिमीटर कापून आधी एका पानावर पाहावे. अक्षर अगदी थोडे लहान होईल, पण पृष्ठांक वाचेल.

आमच्याकडे छपाईचे काम पिढीजात आहे, त्यामुळे पाठपोट छपाईविषयी दोन शब्द सांगतो. चार पानांची मांडणी उभ्या कागदावर उभीच राहते, म्हणून दुकानात ‘लाँग एज’, म्हणजे लांब कडेवरून उलटणे, असे सांगावे. दोन पाने शेजारी-शेजारी ठेवून कागद आडवा केला असेल तर मात्र ‘शॉर्ट एज’ सांगावे लागते. पाठीमागची बाजू उलटी छापली जाण्याचे कारण जवळजवळ नेहमी हेच असते, आणि त्याचा दोष विनाकारण फाइलवर येतो. आधी फक्त पहिल्या आठ पानांचा एक कागद काढून घ्यावा आणि तो हातात उलटून पाहूनच पुढचा गठ्ठा सोडावा.

छापताना प्रमाण ‘ॲक्च्युअल साइज’ किंवा १०० टक्के ठेवण्यास सांगावे. ‘फिट’ ठेवले तर यंत्र आपण केलेली मांडणी पुन्हा लहान करते आणि समास कापून मिळवलेली वाचनीयता तिथेच गमावली जाते.

स्पायरलऐवजी घडी घालून मध्ये पिन मारलेली पुस्तिका हवी असेल तर क्रमाने पाने लावून उपयोग नाही. पहिल्या पानाशेजारी शेवटचे पान यावे लागते. त्यासाठी पीडीएफजॅममध्ये --बुकलेट ट्रू --लँडस्केप आहे. जाड टिपणाचा एकच गठ्ठा दुमडला तर आतले कागद बाहेर डोकावतात, म्हणून आमच्याकडे जसे फर्मे पाडतात तसे --सिग्नेचर १६ देऊन सोळा-सोळा पानांचे, म्हणजे प्रत्येकी चार कागदांचे गठ्ठे करावेत आणि ते एकावर एक ठेवून शिवावेत. सिग्नेचरचा आकडा चारच्या पटीत असावा लागतो. ३२० पानांचे असे वीस फर्मे होतील. मात्र या पद्धतीत एका बाजूवर दोनच पाने येत असल्यामुळे कागद दुप्पट लागेल, हेही लक्षात घ्यावे.

लिनक्स_उचगाव

लाटेकचा एवढा पसारा बसवायचा नसेल तर पीडीएफसीपीयू पाहावे. ते गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेले असून एकच फाइल उतरवून लगेच चालवता येते.

पीडीएफसीपीयू एनअप 'फॉर्म:ए४, ओरिएंटेशन:डीआर, बॉर्डर:ऑफ' चारपाने.पीडीएफ ४ टिपण.पीडीएफ

येथे नवीन फाइलचे नाव आधी येते, मग पानांची संख्या आणि शेवटी मूळ फाइल. सवय नसलेला माणूस हमखास गोंधळतो. डीआर म्हणजे आधी खाली, मग उजवीकडे. हे साधन चपळ आहे, परंतु ट्रिम आणि टूसाइडची जी सोय पीडीएफजॅमच्या एकाच कमांडमध्ये होते ती येथे तशी जमत नाही, त्यामुळे आपल्या कामासाठी मी पीडीएफजॅमच घेईन. समास मोजून कापण्याचा कंटाळा असेल तर पीडीएफएक्सअप हे तिसरे साधन आहे. ते मजकुराची चौकट स्वतः शोधून कोरा भाग वगळते. स्कॅन केलेल्या पानांच्या कडेला काळी पट्टी असली की मात्र ती पट्टीही मजकुरात धरली जाते आणि काहीच कापले जात नाही.

अभ्यासिकेत स्वतःचा प्रिंटर असेल तर वेगळी फाइल बनवण्याचीही गरज नाही. कप्स ही छपाईची व्यवस्था हे काम स्वतः करते:

एलपी -ओ नंबर-अप=४ -ओ नंबर-अप-लेआउट=टीबीएलआर -ओ साइड्स=टू-साइडेड-लाँग-एज टिपण.पीडीएफ

टीबीएलआर म्हणजे वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे. नंबर-अपला १, २, ४, ६, ९ किंवा १६ एवढेच आकडे चालतात, आणि चौकट हवी असल्यास -ओ पेज-बॉर्डर=सिंगल द्यावे. समास कापणे येथे होत नाही.

आणखी एक गोष्ट मराठी फायलींसाठी महत्त्वाची आहे. युनिकोडपूर्व काळातील फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या टिपणांत पुष्कळदा फाँट फाइलमध्ये समाविष्ट केलेला नसतो. अशी फाइल आपल्या संगणकावर नीट दिसते, कारण तिथे तो फाँट बसवलेला असतो, आणि दुकानात मात्र मजकुराच्या जागी भलतीच रोमन अक्षरे उमटतात. पॉपलर-युटिल्स या पॅकेजमधील पीडीएफफाँट्स ही कमांड फाइलवर चालवावी. ‘ईएमबी’ (फाँट समाविष्ट आहे का) या रकान्यात ‘नो’ असेल तर ज्या संगणकावर तो फाँट आहे तिथूनच फाइल पुन्हा तयार करून घ्यावी. मांडणी बदलल्याने हा दोष जात नाही. तसेच जुन्या लेखांत पीडीएफचे पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या जुन्या स्वरूपात रूपांतर करून पीएसनप ही मांडणीची कमांड चालवा आणि पुन्हा पीडीएफ करा, असा सल्ला आढळतो. मराठी मजकुरासाठी तो द्राविडी प्राणायाम टाळावा, कारण या उलटसुलट रूपांतरात मजकूर शोधण्याची आणि कॉपी करण्याची सोय बिघडू शकते. जुन्या लेखांत पीडीएफनप नावाची कमांडही दिसेल. ती आता पीडीएफजॅमसोबत येत नाही. तिच्या जागी पीडीएफजॅम --एनअप वापरावे.

अभ्यासिका_राजारामपुरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. खालचा समास १२ मिलिमीटर धरून पीडीएफजॅमने फाइल केली आणि नमुन्याचा कागद काढला. पृष्ठांक शाबूत आहेत, पाठपोट बरोबर जुळते आहे आणि मुलांनी अक्षराविषयी तक्रार केलेली नाही. जोडाक्षरांत ‘द्ध’ आणि ‘द्व’ ओळखताना थोडे थांबावे लागते, पण संदर्भाने कळते.

दोन शंका उरल्या आहेत. एक टिपण ५८ पानांचे आहे. सगळीकडे पाने वरून खाली लागली, शेवटच्या बाजूवर मात्र उरलेली दोन पाने एकाखाली एक न येता शेजारी-शेजारी आली. दुसरे असे की एकाच कमांडला अनेक फायली दिल्या तर त्या सलग जोडल्या जातात आणि एका विषयाचे शेवटचे पान दुसऱ्या विषयाच्या पहिल्या पानाशेजारी बसते. प्रत्येक विषय स्वतंत्र कागदावर सुरू व्हायला हवा.

टर्मिनल_कळंबा

शेवटच्या बाजूचे हे वागणे ठरवून ठेवलेले आहे. कॉलम ट्रू दिले असले तरी शेवटची बाजू पूर्ण भरत नसेल तर तिथे पीडीएफपेजेस स्तंभांचा क्रम काटेकोरपणे पाळत नाही. कमांडमध्ये --कॉलमस्ट्रिक्ट ट्रू जोडले की शेवटची दोन पानेही एकाखाली एक येतील. पीडीएफजॅमच्या मदतपानात हा पर्याय आढळला नाही तरी चालतो, कारण अनोळखी पर्याय ती जशाच्या तशा पीडीएफपेजेसकडे सोपवते. दुसरा मार्ग म्हणजे फाइलच्या नावापुढे '१-५८,{},{}' अशी पानांची यादी द्यावी; महिरपी कंसांची प्रत्येक रिकामी जोडी एक कोरे पान धरते आणि बाजू पूर्ण भरते.

अनेक फायलींसाठी --बॅच द्यावे. मग प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे हाताळली जाते आणि तिची वेगळी फाइल तयार होते. अशा वेळी --आउटफाइलमध्ये एकच नाव देता येत नाही. त्याऐवजी --सफिक्स फोरअप दिले की मूळ नावापुढे ते शेपूट लागून नवीन फायली चालू फोल्डरमध्ये जमा होतात. त्या दुकानात एकेक करून छापायला द्याव्यात. छपाईआधी त्या पुन्हा एकत्र जोडल्या आणि एखाद्या विषयाच्या बाजू विषम निघाल्या, तर पुढचा विषय त्याच कागदाच्या पाठीवर सुरू होईल.