पूर्व आफ्रिकेतल्या मुलांचं शिक्षण : तुमचे अनुभव लिहा

नोकरी-धंद्यानिमित्त आपल्यातले बरेच जण तिकडे राहिलेत. युगांडाने १९९७ मध्ये आणि केनियाने २००३ मध्ये सरकारी प्राथमिक शाळांची फी माफ केली. तरी मुलं कुठे अडतात, कशी टिकतात, हे जवळून पाहिलं असेल तर जरूर लिहा. सुरुवात मी करते, नैरोबीपासून. पुढचे अनुभव बाकीच्यांनी लिहिलेत.

नैरोबी : किबेरा वस्तीत मी सुट्टीच्या दिवशी गणित शिकवते. सरकारी शाळा पुरत नाहीत, म्हणून आत पत्र्याच्या खासगी शाळा आहेत. फी थोडीच, पण थकली की मुलाला घरी धाडतात. माझ्याकडची एक मुलगी अशा दिवसांत मैत्रिणीची वही आणून सगळा धडा उतरवून काढते, आकृत्यांसकट. या पोरांना शिक्षणाची ओढ नाही असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं.

जिंजा, युगांडा : मी साखर कारखान्यात होतो. कोरोनामुळे मार्च २०२० मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्णपणे उघडल्या थेट जानेवारी २०२२ मध्ये. तोवर मोठी पोरं ऊसतोडीला नाहीतर बोडा-बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, चालवायला लागली होती. मोळ्या बांधणारा एक मुलगा म्हणाला, "आता धाकट्यांच्या बाकावर बसायची लाज वाटते." मी बीडचा. ऊसतोडीपायी शाळा सुटलेली पोरं लहानपणापासून पाहिलीत. आपल्याकडे निदान हंगामी वसतिगृहं निघाली. तिथे मला तसं काही दिसलं नाही.

मलावी : १९९४ मध्ये फी गेली आणि पट सुमारे १९ लाखांवरून ३० लाखांच्या घरात गेला. खोल्या, शिक्षक त्या वेगाने कुठून येणार? मी पाहिलेल्या खेड्यात दोन वर्ग आंब्याखाली भरायचे.

मोरोगोरो, टांझानिया : इथे २०१६ पासून फॉर्म फोरपर्यंत, म्हणजे माध्यमिकच्या चौथ्या वर्षापर्यंत, सरकारी शाळेत फी नाही. खरी अडचण भाषेची. सरकारी शाळेत सातवीपर्यंत सगळं स्वाहिलीत, मग फॉर्म वनला एकदम इंग्रजी. दार-ए-सलाममधली मुलं शिकवणी लावून निभावतात. खेड्यातली वर्गात गप्प बसतात. मास्तरांनी तेच स्वाहिलीत सांगितलं की भराभर हात वर होतात, हे मी मागच्या बाकावर बसून पाहिलंय. आणखी एक : गरोदर राहिलेल्या मुलीला सरकारी शाळेची दारं बंद असायची, ती बंदी नोव्हेंबर २०२१ मध्ये उठली. आमच्या शेजारची मुलगी बाळाला आजीकडे ठेवून परत जाऊ लागली. फी नाही, पण गणवेश, वह्या आणि दुधाचा खर्च आजीच भाजी विकून भागवते.